दुसरा मेहमद पहिल्यांदा गादीवर बसला तेव्हा अपयशी का ठरला?

तुमचा प्रश्न असा, की पुढे कॉन्स्टँटिनोपल जिंकणाऱ्या मेहमद या ऑटोमन तुर्की सुलतानाला १४४६ मध्ये गादी का सोडावी लागली, तो तेव्हा नालायक होता का. मला हे अजिबात पटत नाही. १४४४ मध्ये त्याचा बाप सुलतान दुसरा मुराद याने हंगेरीशी दहा वर्षांचा तह केला आणि राज्य मुलाच्या हाती सोपवलं, तेव्हा मेहमद होता बारा वर्षांचा. थोरले दोघे भाऊ आधीच वारले होते, म्हणून पाळी त्याच्यावर आली.

खरा कारभार वजीर चांदार्ली हलील पाशाकडे होता. त्याच्या घराण्यात वजिरी पिढ्यान् पिढ्या चालत आलेली, आणि त्याला शांतता हवी होती. समोर झागानोस आणि शहाबुद्दीन हे दरबारातले पाशा, दोघेही लढाईच्या बाजूचे. पोरगा या दोन गटांच्या कात्रीत सापडला. तशात हंगेरीने तह मोडला. मुरादला परत बोलावण्यात आलं, आणि १० नोव्हेंबर १४४४ ला वार्नाची लढाई त्याने जिंकली. हंगेरीचा तरुण राजा रणातच पडला. पण या विजयाने मुलाची पत वाढली नाही, सगळ्यांना आठवण झाली ती बापाची.

मला सर्वात महत्त्वाचं वाटतं ते नाण्याचं प्रकरण. याच काळात आक्चे या चांदीच्या नाण्याचं वजन घटवण्यात आलं. जॅनिसरी, म्हणजे सुलतानाच्या खड्या पायदळाच्या सैनिकांचा पगार रोजाच्या हिशेबाने त्याच नाण्यात मिळायचा. नाणी तेवढीच, चांदी मात्र कमी! १४४६ मध्ये एदिर्ने या तेव्हाच्या राजधानीत ते बंड करून उठले, शहाबुद्दीनच्या वाड्यावर चालून गेले आणि शहराजवळच्या टेकडीवर जमले. रोजचा पगार अर्ध्या आक्चेने वाढवून दिला तेव्हा कुठे शांत झाले. तुर्कीत ‘बुचुक’ म्हणजे अर्धा, आणि त्या टेकडीचं नाव बुचुकतेपे. या बंडाला हलीलची फूस होती असा संशय अनेक इतिहासकार घेतात, मलाही तो रास्त वाटतो. कारण त्यानंतर हलीलनेच मुरादला पुन्हा गादीवर आणलं आणि चौदा वर्षांच्या मेहमदची रवानगी पश्चिम अनातोलियातल्या मनिसाला झाली.

बाराव्या वर्षी हाती आलेली ही गादी मुळात त्याची कधी नव्हतीच. पण तो अपमान तो विसरला नाही. १४५१ मध्ये बाप गेल्यावर तो पुन्हा सुलतान झाला, तरी हलीलला लगेच हात लावला नाही, वजीर म्हणून तसाच ठेवला. हलील कॉन्स्टँटिनोपलच्या वेढ्याच्या विरोधात बोलत राहिला. २९ मे १४५३ ला शहर पडलं, काही दिवसांतच हलीलला अटक झाली, मग देहदंड. त्याच्या जागी झागानोस आला.