सहा फुटी रीफ टँकला लाइट कोणता घ्यावा, खर्च किती येईल आणि सोसायटीला सांगावं लागतं का?

तुम्ही लिहिलंय की फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे, हॉलमध्ये 6 × 2 × 2 फुटांचा रीफ टँक, म्हणजे जिवंत प्रवाळांचं खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय, ठेवायचाय, मालवणला मामा राहतात म्हणून दगड आणि पाणी तिथून फुकटात येईल, आणि 'सोसायटीला आधी सांगून उगाच फाटे कशाला फोडायचे'. लाइटबद्दल सांगणारे ढिगाने भेटतील. मी लिहायला बसले ती त्या शेवटच्या वाक्यामुळे.

सांगा. लेखी सांगा आणि प्रतीवर शिक्का मारून घ्या.

ठाण्यात तिसऱ्या मजल्यावर माझ्याकडे याच मापाचा टँक आहे. माझा, म्हणजे नवऱ्याचा नव्हे. हे मुद्दाम सांगतेय, का ते पुढे येईलच. टँक येण्याआधी मी वजनाचा हिशेब मांडला होता. 24 घनफूट म्हणजे साधारण 680 लिटर. खाली संपमध्ये, म्हणजे स्टँडखालच्या गाळणीच्या टाकीत, आणखी दीडशे-दोनशे लिटर. 12 मिलिमीटर काच घेतली तर नुसती काचच सव्वाशे किलोच्या घरात. त्यावर दगड, वाळू, लोखंडी स्टँड. एक टनाच्या पुढेच जातं सगळं, आणि ते उभं राहतं जेमतेम 1.1 चौरस मीटरवर. घराच्या खोल्यांसाठी स्लॅबचा लाइव्ह लोड (माणसं आणि सामानाचा भार) धरतात चौरस मीटरला 200 किलो. याचा अर्थ टँक भरला की स्लॅब खाली येतो असा नाही. तो भार पूर्ण पॅनेलवर धरलेला असतो, शिवाय सुरक्षिततेचं माप वेगळं. पण खोलीच्या मधोमध, हॉल आणि डायनिंगच्या मध्ये पार्टिशनसारखा टँक ठेवायची जी फॅशन आली आहे, ती मला अजिबात मान्य नाही. लांब बाजू बीमच्या रेषेत, भिंतीला लागून, एक टोक कॉलमजवळ. आमच्या सोसायटीचं स्ट्रक्चरल ऑडिट चालू होतं, त्याच इंजिनिअरला फी देऊन घरी बोलावलं, ड्रॉइंग दाखवलं आणि जागा ठरवून त्यांचं पत्र घेतलं. ते पत्र अर्जाला जोडून कमिटीला दिलं. स्टँडखाली कडा उचललेला फायबरचा ट्रे बनवून घेतला आणि त्याला पाइप काढून बाल्कनीच्या नहाणीत सोडला. नवरा म्हणाला, एवढं कोण करतं? मी करते. पॅथॉलॉजी लॅबमध्ये आयुष्य गेलंय, नोंद नसली की ती गोष्ट झालीच नाही असं आम्हाला शिकवलेलं असतं.

पुढच्या जुलैत खालच्या मजल्यावरच्या काकांच्या हॉलच्या छताला तपकिरी डाग पडला. मग थेंब. मग सोसायटीच्या ऑफिसात मीटिंग. विषयपत्रिकेवर 'तिसऱ्या मजल्यावरील माशांची टाकी' असा स्वतंत्र विषय होता, पार्किंगच्याही वर. सेक्रेटरी माझ्या नवऱ्याकडे बघून म्हणाले, "साहेब, टाकी काढावी लागेल." नवरा म्हणाला, "टाकी हिची आहे, हिच्याशी बोला." तरी पुढची पाच मिनिटं ते त्याच्याकडेच बघून बोलत होते. काका म्हणाले, "वहिनी, हौस आम्हालाही असते, पण दुसऱ्याच्या घरात पाणी सोडून नाही करत आम्ही."

माझ्याकडे दोन गोष्टी होत्या. पहिली म्हणजे वही. रीफ टँकमधून रोज पाणी उडतं, पण मीठ उडत नाही. म्हणून ऑटो टॉप-ऑफने (उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) जे पाणी भरतो ते गोडं, आरओ-डीआयचं, म्हणजे क्षार काढून शुद्ध केलेलं असतं. आता टँक गळत असेल तर काय होईल? खारं पाणी बाहेर जाणार, त्याच्या जागी गोडं येणार, म्हणजे क्षारता (हजार भाग पाण्यात मीठ किती) दिवसेंदिवस उतरत जाणार. शिवाय टॉप-ऑफच्या कॅनमधलं पाणीही नेहमीपेक्षा लवकर संपणार. माझ्या वहीत जून आणि जुलैभर क्षारता 35 च्या आसपास, आणि टॉप-ऑफ उन्हाळ्यापेक्षा कमी, कारण पावसाळ्यात हवाच ओली. मी ते वाचून दाखवलं. कोणाला काही कळलं नाही. एकाने विचारलं, मासे किती आहेत.

दुसरी गोष्ट रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे पाण्याच्या थेंबातली क्षारता दाखवणारं हातातलं उपकरण. सगळ्यांना काकांच्या हॉलमध्ये नेलं. आधी माझ्या टँकमधलं पाणी काचेवर टाकून एकेकाला उजेडाकडे धरून बघायला लावलं. निळी रेघ 35 वर. मग काकूंनी छताखाली ठेवलेल्या वाटीतला थेंब घेतला. शून्य. खजिनदारांनी दोनदा बघितलं. समुद्राचं पाणी गळून खाली आलं असतं तर रेघ शून्यावर कशी येईल, एवढाच प्रश्न होता.

काकांचं उत्तर ऐका. "स्लॅबमधून झिरपताना मीठ गाळलं जातं."

मी म्हटलं, काका, मग मुंबई पालिकेला मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करायचा प्रकल्प कशाला हवाय, किनाऱ्यावर एक स्लॅब ओतला की झालं. हे बोलायला नको होतं असं नवऱ्याचं मत आहे. माझं नाही. काँक्रीट मीठ अडवत नाही. उलट खारं पाणी शिरलं तर आतली सळई गंजते आणि वर पांढरे फुलोरे दिसतात. काकांच्या छताला नुसता तपकिरी डाग होता.

दोन दिवसांनी प्लंबरने डक्ट उघडली. गच्चीवरून येणाऱ्या पावसाळी पाइपचा आमच्या मजल्याच्या पातळीवरचा एल्बो फुटला होता. सोसायटीचा पाइप, सोसायटीचं काम. आदर्श उपविधींत पावसाच्या पाण्याची आणि सामाईक पाइपची गळती सोसायटीच्याच खर्चात धरली आहे. दुरुस्ती झाली, डाग खरवडून रंग मारला. माझ्या अर्जाच्या प्रतीवर शिक्का नसता, इंजिनिअरचं पत्र नसतं, तर प्लंबर बोलावण्याआधी टाकी उतरवायचा ठराव झाला असता, आणि एकदा उतरवलेला रीफ परत तसा उभा राहत नाही. काका अजूनही नवीन भाडेकरूंना लिफ्टमध्ये सांगतात की वर टाकी आहे ना, त्यामुळे आमच्याकडे ओल येते. काका, तुमचं छत कोरडं होऊन पावसाळे उलटले की हो.

तर तुमच्या टँककडे. खरा पूर काच फुटून क्वचित येतो, वीज गेल्यावर येतो. रिटर्न पंप (संपमधलं पाणी वर टँकमध्ये चढवणारा) थांबला की वरचं पाणी ओव्हरफ्लोच्या, म्हणजे संपमध्ये पाणी सोडणाऱ्या वाटेच्या, दातांपर्यंत खाली उतरतं, आणि रिटर्न पाइपचं तोंड पाण्याखाली असेल तर सायफन लागून आणखी उतरतं. 6 × 2 फुटांच्या टँकमध्ये एक इंच पाणी म्हणजे 28 लिटर. तोंड चार इंच खाली असेल तर शंभराच्या वर लिटर संपमध्ये येणार. म्हणून रिटर्न पाइपला पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली छोटं भोक पाडायचं, तिथून हवा शिरली की सायफन तुटतो. दर आठवड्याला ब्रशने साफ करायचं, शेवाळ धरतं. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर विसंबू नका, त्यात चुन्याचे थर बसतात आणि तो नेमका हवा तेव्हा बंद होत नाही. संप नेहमी एक तृतीयांश रिकामा ठेवा. पहिल्या दिवशी साध्या पाण्याने टँक भरून मेन स्विच बंद करा आणि समोर बसून बघा. दुकानदार म्हणेल गरज नाही. गरज आहे. ओव्हरफ्लोला एक मुख्य आणि एक आपत्कालीन असे दोन पाइप घ्या. एकावर भागवणाऱ्याशी मी वाद घालत नाही. वीज जास्त वेळ गेली तर आधी प्राणवायू संपतो, त्यामुळे इन्व्हर्टरवर निदान एक वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा छोटा पंप) हवाच. लाइट आणि चिलर (पाणी थंड ठेवणारं यंत्र) बंद राहिले तरी काही तास चालतं.

आता मालवण. मामांना नमस्कार सांगा आणि दगड तिथेच राहू द्या. दगड बनवणारे सगळे कठीण प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ ज्या यादीत, त्याच यादीत. समुद्री पंखे, काळं प्रवाळ आणि समुद्रघोडेही तिथेच. मेलेला सांगाडा आणला तरी गुन्हाच. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 सालचं आहे. तिथला दगड उचलून हॉलमध्ये ठेवायचा आणि वर त्याला निसर्गप्रेम म्हणायचं, हे मला समजत नाही. दगड कृत्रिम किंवा सिरॅमिकचे घ्या. जेटीवरून पाणीही आणू नका. पावसाळ्यात किनाऱ्याची क्षारता उतरते, गाळ असतो, बोटींचं डिझेल असतं. मत्स्यालयासाठी मिळणाऱ्या समुद्री मिठाची पिशवी आणि आरओ-डीआयचं पाणी. लिटरला साधारण 35 ते 38 ग्रॅम, म्हणजे पहिल्या भरणीला तीसेक किलो मीठ. मग महिना-दीड महिना अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येईपर्यंत आत काहीही सोडायचं नाही.

माझ्याकडे झोअँथस, मशरूम आणि लेदर एवढीच मऊ प्रवाळं आहेत. विकणाऱ्याकडे बिल आणि आयातीचे कागद मागा, टाळाटाळ केली तर उठून या. क्लाउनफिश हॅचरीतलेच घ्या, सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था) त्यांची पैदास केव्हाच जमवली आहे. मऊ प्रवाळांना क्षारता 35, तापमान 25-26, अल्कलिनिटी (पीएच सावरून धरणाऱ्या कार्बोनेटचं प्रमाण) 8-9 डीकेएच एवढं स्थिर ठेवलं तरी पुरतं. आकडा सुंदर असण्यापेक्षा रोज तोच असणं महत्त्वाचं. अल्कलिनिटीसाठी मी टॉप-ऑफच्या पाण्यात चुन्याची निवळी घालते, पण शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडची, पानवाल्याकडची नव्हे. आणि थेंबाथेंबाने, कारण तिने पीएच झपकन चढतो.

लाइटचं राहिलंच. कंपनी सांगणार नाही, वाद नको. सहा फुटांना एक मोठा लाइट पुरत नाही, दर दोन फुटांना एक असे तीन. मऊ प्रवाळांना 80 ते 150 पार (प्रवाळांना उपयोगी पडणाऱ्या प्रकाशाचं माप) पुष्कळ. तुम्ही फोटोत दाखवलेल्या फांद्यांच्या प्रवाळांना 250 च्या पुढे लागतं, आणि ती प्रवाळं कायद्याच्या त्याच यादीत येतात, तेव्हा तो खर्च आपोआप वाचला. पार मीटर विकत घेऊ नका, भाड्याने किंवा ओळखीत मिळतो.

खर्च माझ्या अंदाजाने दोन लाखांच्या खाली नीट होत नाही, चिलर चांगला घेतला तर बराच वर. वीज दिवसाला दहा युनिट धरा. लाइट, पंप, स्किमर (पाण्यातली घाण फेसातून काढणारं यंत्र), वेव्हमेकर आणि उन्हाळ्यात चिलर मिळून तेवढी जाते. म्हणजे महिन्याला 300 युनिट नुसते टँकचे, आणि घरचे त्यावर असल्याने दराचा वरचा टप्पा लागतो.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. माझी इमारत 2000 नंतरची आरसीसी आहे. तुमची जुनी लोड-बेअरिंग असेल किंवा स्लॅबला आधीच तडे असतील तर वर लिहिलेलं बीमचं गणित विसरा आणि चार फुटी टँक करा. आणि इंजिनिअर नाही म्हणाला तर दुसऱ्या इंजिनिअरकडे जाऊ नका.

अर्जाचा नमुना हवा असेल तर मेसेज करा. मराठीत आहे, एक पानी आहे, आणि आमच्या कमिटीने त्यावर 'पाहिले' असं लिहून सही केलेली आहे.