बाळाच्या गालावर लाल डाग, गरोदरपणात माझं काही चुकलं का?

नाही हो ताई, तुमचं काही चुकलेलं नाही. ग्रहणात विळीवर मासे कापले, कुर्ल्या खाल्ल्या म्हणून डाग आला हे आमच्या रत्नागिरीकडेपण घरोघरी ऐकवतात, त्यात काही तथ्य नाही. रातांब्यासारखा लालभडक, फुगीर आणि जन्मानंतर काही आठवड्यांत वाढायला लागला असेल तर बहुतेक हिमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची साधी गाठ, तो कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या, जुळ्या बाळांत आणि मुलींमध्ये जास्त दिसतो, आईचं वय जास्त, बीपी वाढलेलं किंवा गरोदरपणात वार (प्लासेंटा) खाली असेल तरी शक्यता थोडी वाढते, पण यातलं तुमच्या हातात काय होतं सांगा! जन्मापासूनच सपाट जांभळट असेल तर प्रकार वेगळा. डोळ्याजवळ किंवा ओठावर असेल तर थांबू नका, लगेच स्किनवाल्या डॉक्टरांना दाखवा, प्रोप्रॅनोलॉल हे औषध त्यांच्या सल्ल्याने लवकर सुरू केलं तर चांगला फरक पडतो.