रसायनशास्त्राच्या मुलीने जमाखर्च का शिकावा?

प्रश्न : माझी मुलगी चिपळूणला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षात आहे, मेजर (मुख्य विषय) रसायनशास्त्र. ओपन इलेक्टिव्ह (मुख्य विषयाबरोबरचा निवडीचा विषय) म्हणून तिला वाणिज्य शाखेतला 'लेखाशास्त्राची ओळख' घ्यायचा आहे. मला हा वेळेचा अपव्यय वाटतो. घ्यायचाच तर सर्वांत सोपा विषय घेऊन सीजीपीए (सर्व सत्रांची गुणांची सरासरी) सांभाळू नये का? – एक पालक

उत्तर : नमस्कार. तुमच्या मुलीची निवड मला मनापासून आवडली.

आधी नियमाचं सांगते. राज्याच्या २०२३च्या शासन निर्णयानुसार ओपन इलेक्टिव्ह मेजरच्या शाखेबाहेरूनच घ्यावं लागतं. तीन वर्षांच्या पदवीच्या १२० ते १३२ क्रेडिटपैकी (क्रेडिट म्हणजे अभ्यासाचा भार मोजायचं एकक) त्याला साधारण १० ते १२ मिळतात, त्यामुळे मेजरचा अभ्यास मागे पडेल अशी भीती बाळगू नका.

सीजीपीएची काळजी मात्र रास्त आहे, इलेक्टिव्हचे गुण त्यात धरले जातात. पण 'सोपा' कशाला म्हणायचं? दोन क्रेडिटचा थिअरीचा विषय म्हणजे ३० तास वर्गात बसणं, शिवाय असाइनमेंट आणि अंतर्गत परीक्षा. गोडी नसलेल्या विषयात मुलं याच अंतर्गत गुणांना मुकतात. तिला गोडी आहे, हीच जमेची बाजू.

आता उपयोगाचं. तुमच्या जवळच लोटे-परशुरामची रासायनिक वसाहत आहे. तिथे नवी प्रक्रिया बसवताना उत्पादन किती निघतं एवढ्यावर भागत नाही. किलोमागे खर्च किती, सॉल्व्हंट (द्रावक) परत किती मिळतं, सांडपाणी शुद्ध करायला किती पैसे जातात, हे सगळं मांडावं लागतं. हा हिशेब ज्या केमिस्टला कळतो, त्याचं म्हणणं बैठकीत ऐकलं जातं. पहिल्या पेपरात ती कॉस्टिंग शिकणार नाही. रोजकीर्द (रोजच्या नोंदी), खतावणी (खातेवार नोंदी), तेरीज (खात्यांच्या शिलकांचा ताळा) इथपर्यंतच जाईल. पण तो पाया नसेल तर पुढचं परकंच राहतं. उद्या तिने स्वतःची टेस्टिंग लॅब काढायची म्हटली तरी हेच लागेल.

एम.एस्सी.साठी जॅम (आयआयटीसारख्या संस्थांची प्रवेश परीक्षा) देणार असेल, तर तिथे जमाखर्च कोणी विचारणार नाही. त्या तयारीचा वेळ वेगळाच ठेवावा लागेल.

फॉर्म भरण्याआधी तिने तीन गोष्टी बघाव्यात. अभ्यासक्रम हातात घेऊन वाचावा. तो अकरावीला वाणिज्य न शिकलेल्यांसाठी आखलाय का, हे शिकवणाऱ्या सरांना किंवा मॅडमना विचारावं. आणि सर्वांत महत्त्वाचं, तासाची वेळ प्रॅक्टिकलशी आदळत नाही ना, हे वेळापत्रकात तपासावं. प्रॅक्टिकल बुडवून कुठलंच इलेक्टिव्ह घेऊ नये. वेळ जुळलीच नाही, तर केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या ऑनलाइन व्यासपीठावरचा तत्सम कोर्स कॉलेज मान्य करतं का, याची चौकशी विभागप्रमुखांकडे करावी. मान्य केलेले क्रेडिट तिच्या एबीसी (अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स) खात्यात जमा होतात. ते खातं उघडलं नसेल, तर याच आठवड्यात उघडायला सांगा.