आयबीएसमध्ये (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आतड्याचा वारंवार कळ आणि शौचाची तक्रार देणारा त्रास) मुरडा आल्यावर डायसायक्लोमिन घेतो, तरी कळ अर्धा-पाऊण तास जात नाही. गोळी बदलू का? आणि रोज घेतली तर चालेल का?

गोळी बदलण्याआधी तिची वेळ बदलून पाहा. डायसायक्लोमिन गिळल्यावर रक्तातलं तिचं प्रमाण पूर्ण चढायला एक ते दीड तास लागतो. आयबीएसची कळ बहुधा जेवणामागोमाग उठते, कारण पोटात अन्न पडलं की मोठ्या आतड्याला हालचालीचा इशारा जातो. एरवी माणसाला हे जाणवतही नाही. आयबीएसमध्ये मात्र आतडं जास्त आवळतं आणि तिथल्या नसाही हुळहुळ्या झालेल्या असतात. मुरडा सुरू झाल्यावर घेतलेली गोळी कामाला लागेपर्यंत ती कळ आपोआप ओसरलेली असते आणि श्रेय किंवा दोष गोळीच्या माथी जातो.

म्हणून आधी दोन आठवडे वहीत तीनच गोष्टी लिहा: जेवणाची वेळ, कळ उठल्याची वेळ, शौचाची वेळ. कळ ठरावीक जेवणानंतरच येत असेल, तर गोळी त्या जेवणाआधी अर्धा तास ते तासभर घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. नेहमीचा डोस १० ते २० मिलिग्रॅम असतो. आम्लपित्ताचं अँटासिड सोबत घेऊ नका, त्यानं ही गोळी कमी शोषली जाते.

रोज घेण्याबद्दल मी सावध राहीन. डायसायक्लोमिन ॲसिटिलकोलिन या, नसांचा इशारा स्नायूंपर्यंत नेणाऱ्या रसायनाला अडवते आणि ते काही फक्त आतड्यात नसतं. तोंडाला कोरड पडते, जवळचं वाचताना अक्षरं पुसट दिसतात, लघवी अडते, झापड येते, घाम कमी झाल्यानं उन्हात अंग तापतं. बद्धकोष्ठतेचा आयबीएस असेल तर शौच आणखी घट्ट होऊन पोट पुन्हा दुखतं, म्हणजे औषधच कळ वाढवू लागतं. काचबिंदू, वाढलेलं प्रोस्टेट किंवा मायस्थेनिया ग्रॅव्हिस (स्नायू लवकर थकण्याचा आजार) असेल तर ही गोळी डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊच नका. वयस्कर माणसांत तिनं गोंधळलेपणा येऊ शकतो. ॲलर्जीच्या झोप आणणाऱ्या जुन्या गोळ्या किंवा अमिट्रिप्टिलिन (नैराश्यावरची जुनी गोळी) चालू असेल तर हे सगळं आणखी जाणवतं.

रोजच्या त्रासासाठी मेबेव्हेरिनबद्दल विचारा. ती मुख्यतः आतड्याच्या स्नायूवर थेट काम करते, त्यामुळे कोरड आणि पुसट दिसणं सहसा होत नाही. साधी गोळी १३५ मिलिग्रॅमची, दिवसातून तीनदा, जेवणाआधी २० मिनिटं. हळूहळू विरघळणारी कॅप्सूल २०० मिलिग्रॅमची, सकाळ-संध्याकाळ. दोन्ही अख्ख्या गिळा. एका दिवसात निकाल लावू नका, फरक कळायला एक-दोन आठवडे द्या.

पुदिन्याच्या तेलाच्या कॅप्सूललाही मी कमी लेखणार नाही. त्यातलं मेंथॉल स्नायूत शिरणारं कॅल्शियम अडवतं आणि आतडं सैलावतं. मात्र या कॅप्सूलवरचं आवरण आतड्यातच उघडावं म्हणून दिलेलं असतं. चावली, किंवा अँटासिडसोबत घेतली, तर ते जठरातच फुटतं आणि छातीत जळजळ सुरू होते. जेवणाआधी अर्धा ते एक तास, साध्या पाण्यासोबत घ्या. हायोसिन ब्युटिलब्रोमाइड ही मुरड्याची आणखी एक गोळी रक्तात फारच थोडी उतरते आणि मेंदूत सहसा पोचत नाही, म्हणून झापड कमी येते. अधूनमधून उठणाऱ्या कळेसाठी ती सोयीची आहे.

पाकिटावर डायसायक्लोमिनच्या जोडीला मेफेनॅमिक ॲसिड हे वेदनाशामक आहे का, तेही बघा. ते पाळीच्या दुखण्याला ठीक, पण आयबीएससाठी वारंवार घेतलं तर पोटाच्या अस्तराला इजा होऊ शकते.

यातलं कुठलंच औषध पोटफुगी किंवा जुलाब मुळातून घालवत नाही, ते फक्त आवळलेलं आतडं सोडवतं. बद्धकोष्ठतेला इसबगोल भरपूर पाण्यासोबत, थोड्या प्रमाणापासून सुरू करून घ्या. गव्हाचा कोंडा टाळा, त्यानं अनेकांचं पोट जास्त फुगतं.

शौचातून रक्त, कारण नसताना घटणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारी कळ, ताप, रक्त कमी होणं, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास असेल तर मुरड्याची गोळी घेऊन दिवस काढू नका, तपासणी करा. आणि पोट फुगून टणक झालंय, उलट्या होताहेत, गॅसही सरत नाही, अशा वेळी एकही गोळी न घेता थेट रुग्णालय गाठा. आतडं अडकलेलं असेल तर ही औषधं उरलीसुरली हालचालही मंदावतात.

आराम पडल्यावर काही आठवड्यांनी डॉक्टरांशी बोलून आधी ज्या जेवणानंतर त्रास होत नाही त्याची मात्रा बंद करा, मग पुढची. मात्रा चुकली तर पुढच्या वेळी दोन एकदम घेऊ नका.