एसीचं काम शिकायचंय: दाखला, परवाना आणि फ्लेअर

प्रश्न: मुलगा यंदा दहावी पास झाला. त्याला एसी-फ्रीजचं काम शिकायचंय. तीन महिन्यांचा क्लास लावू की आयटीआय? लायसन कुठून काढायचं?
एक पालक, सिडको

जागा मिळत असेल तर आयटीआयच. ट्रेडचं नाव 'रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग टेक्निशियन', मुदत 2 वर्षं, दहावीला गणित-विज्ञान हवं. प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या ऑनलाइन फेऱ्यांतून होतात. विकल्प भरताना एकाच आयटीआयवर अडून राहू नका. हा ट्रेड असलेल्या जिल्ह्यातल्या इतर संस्थाही भरा. पुढे नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यात अप्रेंटिसशिप मिळाली तर सोडू नका. चिलरला, म्हणजे मोठ्या इमारती-कारखान्यांच्या शीतयंत्राला हात लावायला तिथंच मिळतो, घरगुती स्प्लिटवर नाही.

एसी मेकॅनिकचं असं वेगळं सरकारी लायसन आपल्याकडे नाही. ते काढून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका. परवाना लागतो तो विजेच्या कामाला. एसीसाठी मीटरपासून नवी लाइन ओढायची असेल तर ते काम परवानाधारक ठेकेदार आणि वायरमनचं. मुलाने त्यात परस्पर हात घालू नये.

प्रश्न: सहा वर्षं हेल्परकी केली, आता स्वतः फिटिंग करतो. कागद एकही नाही. शिवाय आर-32 गॅसवर चालणाऱ्या दीड टनी एसीचा गॅस दोन-तीन महिन्यांत उतरतो, अशा तक्रारी येतात.
एक वाचक, पंचवटी

कागदासाठी आरपीएल, म्हणजे अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देणारी योजना आहे. कौशल्य विकास केंद्रात 'फील्ड टेक्निशियन, एअर कंडिशनर' या नावाने चौकशी करा.

गॅस उतरतो तो बहुतेक वेळा फ्लेअरमधून, म्हणजे नटाने जोडण्यासाठी कर्ण्यासारखं पसरवलेल्या पाइपच्या तोंडातून. पाइप कटरनेच कापा, हॅक्सॉने नको. तोंड खाली धरून रीमर या हत्याराने बर, म्हणजे कापलेल्या कडेवरची धार काढा, म्हणजे तांब्याचा कीस आत पडत नाही. नट आधी ओवा, मग फ्लेअर करा. आतल्या बाजूवर बारीक उभी रेघ दिसली तरी तो तुकडा कापून टाका. नट कितीही आवळला तरी ती रेघ गळणारच. घट्ट करताना दोन पाने (स्पॅनर) लावा आणि किती जोराने आवळलं ते मोजणारा टॉर्क पाना वापरा. पाव इंची नटाला साधारण 14 ते 18 न्यूटन-मीटर, अर्धा इंचीला 50 ते 60. जास्त आवळलं की फ्लेअर पातळ होतो आणि पुढे तडकतो.

मग नायट्रोजनने प्रेशर टेस्ट, दाब कंपनीच्या पत्रकातला. ऑक्सिजन कधीही भरू नका. कॉम्प्रेसरच्या तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो. त्यानंतर व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने पाइपातली हवा आणि ओलावा ओढून काढणं. युनिटमधलाच गॅस सोडून हवा काढायची सवय मोडा: आर-32 पेट घेऊ शकतो आणि ओलावा आतच राहतो. व्हॅक्यूम गेज 500 मायक्रॉनच्या (व्हॅक्यूम मोजायचं एकक) खाली जाईपर्यंत पंप चालवा, व्हॉल्व्ह बंद करून दहा मिनिटं थांबा. गेजचा आकडा थोडा चढून स्थिरावला तर ओलावा आहे, चढतच राहिला तर लीक. गॅस भरताना नुसतं गेजवर विसंबू नका. नेमप्लेटवरचं वजन वजनकाट्यावर मोजून भरा.

प्रश्न: स्प्लिट एसीच्या अनुभवावर द्राक्षाच्या कोल्ड स्टोरेजला काम मिळेल का?
एक वाचक, पिंपळगाव बसवंत

हेल्पर म्हणून मिळेल. पण हिशेब वेगळा शिकावा लागेल. द्राक्षाला शून्य ते 1 अंश तापमान आणि 90 ते 95 टक्के आर्द्रता लागते. कॉइल (खोली थंड करणारी नळ्यांची जाळी) खोलीपेक्षा फार थंड चालली तर हवेतलं पाणी ओढून घेते: कॉइलवर बर्फ चढतो आणि घडाचे देठ सुकतात. म्हणून आधी डीफ्रॉस्टच्या, म्हणजे तो बर्फ वितळवण्याच्या वेळा लावायला शिका. प्लांट अमोनियाचा असेल तर तांब्याचं ब्रेझिंग, म्हणजे पाइप तापवून धातूच्या कांडीने सांधणं तिथं उपयोगी नाही. अमोनिया तांबं खातो, त्यामुळे पाइप पोलादी असतात आणि काम वेल्डिंगचं असतं.