संगणक-शंका : शाखेचं घड्याळ मिरजेतून लावता येतं का?

प्रश्न : मॅडम, आमची पतसंस्था मिरजेत. शाखा तासगाव, कवठेमहांकाळ, पलूस आणि जतला. प्रत्येक शाखेत एक लिनक्स सर्व्हर आणि काउंटरवर विंडोजची मशिनं. तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्याच्या खात्यातून पैसे काढल्याची शाखेतली नोंद ११.४२ ची, आणि तेच पैसे खात्यावर जमा झाल्याची मिरजेतली नोंद ११.४७ ची, म्हणजे जमा व्हायच्या आधीच काढलेले, असं लेखापरीक्षकांनी काढलं. पैशाचा हिशेब चोख आहे, तासगावचं घड्याळ मागं पडलंय. आमचा सॉफ्टवेअरवाला म्हणतो, सिस्टिम मॅनेजमेंटचा ‘एनटीपी प्रोव्हायडर’ घ्या, मग मिरजेत बसून सगळ्या शाखांची वेळ लावता येईल. हा प्रोव्हायडर म्हणजे काय? घ्यावा का? – संगणक विभाग सांभाळणारा एक कर्मचारी, मिरज

उत्तर : आधी एक विचारते. तासगावचं घड्याळ मागं पडलंय हे ठरवलं कोणी? मिरजेचं पाच मिनिटं पुढं गेलं असेल तरी कागदावर हेच दिसणार. मुख्य कार्यालयाचं ते बरोबर आणि शाखेचं ते चूक, ही सवय आपल्याकडं फार जुनी. दोन्ही सर्व्हर तिसऱ्या कोणाशी तरी पडताळून बघा. तो तिसरा म्हणजे दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा, एनपीएल. भारतीय प्रमाणवेळ तिथल्या अणुघड्याळांवर राखली जाते आणि त्यांचा वेळेचा सर्व्हर इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला आहे. एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक-संस्थेचे ‘समय १’ आणि ‘समय २’ हे सर्व्हरही तसेच.

आता प्रोव्हायडर. एनटीपी म्हणजे नेटवर्कवरून संगणकाचं घड्याळ जुळवायची ठरलेली रीत. मोठ्या जागी शेकडो सर्व्हर असतात, कोणाचं लिनक्स, कोणाचं विंडोज, प्रत्येकाची सेटिंगची फाईल वेगळी. ती सगळी एकाच भाषेत विचारता यावीत म्हणून डीएमटीएफ या संस्थेनं ‘सिम’ (सीआयएम) नावाचा नमुना ठरवला. विंडोजमधलं डब्ल्यूएमआय त्याच घराण्यातलं. लिनक्सवर हे काम ओपनपेगासस किंवा एसएफसीबी अशा नावाचा एक मध्यस्थ प्रोग्रॅम करतो. मिरजेच्या पडद्यावरून प्रश्न येतो, ‘तू वेळ कोणाकडून घेतोस?’ मध्यस्थाला स्वतःला यातलं ओ की ठो कळत नाही. तो प्रश्न एनटीपीच्या प्रोव्हायडरकडं सरकवतो. प्रोव्हायडर म्हणजे एवढाच छोटा तुकडा, ज्याला एनटीपीची सेटिंगची फाईल कुठं असते आणि तिच्यातल्या ओळी कशा वाचायच्या हे ठाऊक असतं. तो वाचून उत्तर देतो. तुम्ही सर्व्हरचं नाव बदललंत की तीच वाट उलटी चालून फाईलमध्ये लिहितो. आयबीएमनं सुरू केलेल्या ‘स्ब्लिम’ प्रकल्पात लिनक्ससाठी अशा प्रोव्हायडरांची रांगच होती, पुढं रेड हॅटनं ‘ओपनएलएमआय’मध्ये तीच वाट धरली. म्हणजे तुमचा सॉफ्टवेअरवाला भलतंसलतं काही विकत नाहीये.

पण यात एक मेख आहे. असा प्रोव्हायडर मुळात सेटिंग वाचतो आणि लिहितो. घड्याळ खरंच जुळलंय का, हा प्रश्न वेगळा. सातबाऱ्यावर ऊस दिसतो आणि रानात जाऊन बघावं तर पड, तसलीच गत. फाईलमध्ये एनपीएलचं नाव ठसठशीत असतं, मिरजेच्या पडद्यावर हिरवी खूण असते आणि शाखेचं घड्याळ पाच मिनिटं मागंच.

असं का होतं? आमच्याकडं बहुतेक वेळा कारण राउटरमध्ये सापडतं. एनटीपी यूडीपीच्या १२३ नंबरच्या पोर्टवरून, म्हणजे नेटवर्कच्या दारावरून, चालतं आणि शाखेत फायरवॉल बसवणारा माणूस ‘बँकेचं काम आहे’ म्हणून नेमकं तेच बंद करून जातो. दुसरं, फाईल बदलली पण सेवा पुन्हा सुरूच केली नाही. चालू असलेला प्रोग्रॅम जुन्याच सर्व्हरला विचारत बसतो.

तिसरं कारण जतसारख्या ठिकाणी जास्त, जिथं वीज जाते-येते. मदरबोर्डावरचा सीआर २०३२ सेल मेलेला असतो, मशिन भलत्याच तारखेला जागं होतं. एनटीपीडी म्हणजे लिनक्सवर एनटीपी चालवणारा जुना प्रोग्रॅम. त्याची रीत अशी, की फरक १००० सेकंदांच्या वर, म्हणजे सतरा मिनिटांच्या आसपास गेला, की तो घड्याळाला हात न लावता स्वतःच बंद पडतो. त्याचं म्हणणं रास्त आहे, एवढा फरक असेल तर कुठंतरी मोठं बिघडलंय, माणसानं येऊन बघावं. सुरू करताना ‘जी’चा पर्याय दिला तर पहिल्या वेळी तो ही मोठी उडी मारतो. पुष्कळ ठिकाणी तो दिलेलाच नसतो.

तेव्हा सॉफ्टवेअरवाल्याला समोर बसवा आणि एकच करून दाखवायला सांगा. एका शाखेच्या राउटरवर १२३ बंद करायचं आणि मिरजेच्या पडद्यावर ते किती वेळात कळतं ते बघायचं. कळलंच नाही, तर तुम्ही फाईल लिहिणारं यंत्र विकत घेताय, घड्याळ राखणारं नव्हे. लगेहात हेही विचारा की त्याचा प्रोव्हायडर क्रोनी, म्हणजे एनटीपीडीच्या जागी आलेला नवा प्रोग्रॅम, ओळखतो का. रेड हॅटच्या आठव्या आवृत्तीपासून एनटीपीडी काढूनच टाकलाय, तिथं क्रोनीच आहे आणि त्याची फाईल वेगळी. जुना प्रोव्हायडर जुन्या फाईलमध्ये इमानेइतबारे लिहीत राहील आणि ती वाचणारं कोणी नसेल. आणखी, मध्यस्थ प्रोग्रॅमचे ठरलेले पोर्ट दोन, ५९८८ आणि ५९८९. पहिल्यावरून सगळं उघड जातं, दुसऱ्यावरून कूटबद्ध. पहिला बंदच ठेवा. ज्याला घड्याळ हलवता येतं त्याला नोंदींचा क्रम बिघडवता येतो, पतसंस्थेत ही गोष्ट हलक्यानं घेऊ नका.

घ्यावा का, म्हणाल तर पाच सर्व्हरांसाठी माझा कौल नाही असा. शंभर असते तर बोललो असतो, आणि तेव्हाही आज मी अ‍ॅन्सिबल या साधनानं एकच फाईल सगळीकडं पाठवली असती. तुमच्या मापाचं काम असं. मिरजेच्या सर्व्हरवर क्रोनी घाला आणि त्याला एनपीएल व एनआयसीचे मिळून तीन तरी स्रोत द्या. दोनच दिले आणि त्यांचं आपसात पटलं नाही तर खोटं कोण बोलतंय हे त्याला ठरवता येत नाही. शाखांचे सर्व्हर मिरजेला विचारतील, पण त्यांनाही एक-दोन बाहेरचे स्रोत द्या, म्हणजे मिरजेची लाईन तुटली तरी त्यांचं अडत नाही. काउंटरची विंडोज मशिनं आपापल्या शाखेच्या सर्व्हरकडं वळवा. ती आपल्या मनानं मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला विचारत असतात, तेही सवडीनं.

इथं बरेच जण अडकतात. क्रोनी स्वतः वेळ घेतो, पण दुसऱ्याला द्यायला तयार नसतो. त्यासाठी फाईलमध्ये ‘अलाउ’ची ओळ घालून शाखेचं नेटवर्क लिहावं लागतं. शाखेची लाईन दिवसभर गेली तरी काउंटरची मशिनं एकमेकांशी जुळून राहावीत असं वाटत असेल, तर ‘लोकल’ची ओळ स्ट्रॅटम १० लिहून घाला. स्ट्रॅटम म्हणजे अणुघड्याळापासून आपण कितव्या पायरीवर. १ म्हणजे घड्याळाला थेट जोडलेला सर्व्हर, १५ शेवटची पायरी आणि १६ म्हणजे जुळलेलंच नाही. दहा लिहिलं की लाईन परत आल्यावर क्रोनी आपोआप चांगल्या स्रोताकडं वळतो.

पहिल्यांदा पाच मिनिटांचा फरक भरून काढाल तो दिवसअखेरचं काम आटोपल्यावर, डेटाबेस बंद करून. चालू कामात घड्याळ मागं उडालं तर एकाच वेळेच्या दोन नोंदी होतात आणि लेखापरीक्षक पुन्हा दारात. हळूहळू सरकवू म्हणाल तर एनटीपीडीचा कमाल वेग सेकंदाला अर्धा मिलिसेकंद. एक सेकंद भरायला तेहतीस मिनिटं, तुमच्या पाच मिनिटांना जवळपास आठवडा. त्यापेक्षा रात्रीची एक उडी बरी.

त्यानंतर रोज सकाळी प्रत्येक शाखेच्या सर्व्हरवर ‘क्रॉनीसी ट्रॅकिंग’ हा हुकूम आपोआप चालू द्या आणि त्यातल्या ‘सिस्टिम टाइम’, ‘स्ट्रॅटम’ आणि ‘रेफ टाइम’ (स्रोताशी शेवटचं जुळल्याची वेळ) या ओळी मिरजेला येऊ द्या. फरक एक सेकंदाच्या वर गेला, स्ट्रॅटम दहा दिसला किंवा रेफ टाइम जुनी दिसली की फोन करायचा. यात फाईलमध्ये काय लिहिलंय ते येत नाही, घड्याळ काय म्हणतंय ते येतं. ट्रॅकिंगचं उत्तर आलंच नाही तर तीही बातमीच.

लेखापरीक्षकांवर मात्र रागावू नका. ‘सर्ट-इन’ या संगणक-सुरक्षेच्या सरकारी संस्थेनं २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांत घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या सर्व्हरशी, किंवा त्यांच्यापर्यंत माग लागेल अशा सर्व्हरशी जुळवायला सांगितलंय. नोंदी १८० दिवस जपायलाही सांगितलंय. वेळच खोटी असेल तर त्या जपून करायचं काय?

प्रश्न : घड्याळ जुळवायचंच तर रोज का? महिन्यातून एकदा हातानं लावलं तर चालणार नाही का? – एक शिक्षिका, विटा

उत्तर : शाळेच्या घंटेपुरतं चालेल. संगणकातला क्वार्ट्झचा खडा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, असं धरलेलं असतं. प्रत्यक्षात दहा लाखांत वीसाचा फरक सहज पडतो. दिवसाला पावणेदोन सेकंद, महिन्याला पाऊण ते एक मिनिट. उन्हाळ्यात बंद खोलीत ठेवलेलं मशिन आणखी वेगळं वागतं. शिवाय हातानं लावणार ते कशाला बघून? मोबाईल बघून. मोबाईल वेळ घेतो नेटवर्कवरून. मग संगणकालाच नेटवर्कवरून घेऊ द्या की.

तुमच्या पत्रातली दुसरी शंका, विट्यात बारा वाजता सूर्य डोक्यावर का नसतो, ती घड्याळाची चूक नाही. प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आणि आपण साडेचौऱ्याहत्तरच्या आसपास. अंशाला चार मिनिटं धरा, बत्तीस मिनिटं होतात. ती एनटीपीनं भरून येत नसतात!

प्रश्न : सांगली मार्केट यार्डात आमची हळदीची पेढी आहे. चोरीची तक्रार दिली, पोलिसांनी सीसीटीव्हीचं चित्रीकरण मागितलंय. डीव्हीआरचं घड्याळ पंधरा-वीस मिनिटं पुढं आहे. आधी दुरुस्त करून मग देऊ का? – एक व्यापारी, सांगली

उत्तर : अजिबात नको. घड्याळाला हात लावलात तर जुन्या चित्रीकरणावरची वेळ बदलत नाही, फक्त फरक नेमका किती होता हे सांगायला काही उरत नाही. डीव्हीआरचा पडदा आणि मोबाईलचं घड्याळ, सेकंद दिसतील असं, एकाच फोटोत घ्या. फरक कागदावर लिहा, तारीख घाला आणि चित्रीकरण देतानाच तपास अधिकाऱ्यांना सांगा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं, त्यासोबत हा कागद जोडायला वकिलांना सांगा. चित्रीकरण उतरवून झालं की डीव्हीआरमध्ये एनटीपी सुरू करा आणि टाइमझोन अधिक ५.३० आहे का तेवढं बघा. चिनी डीव्हीआर पुष्कळदा अधिक ८.०० लावूनच येतात, आणि मग एनटीपी सुरू केल्याबरोबर तुमचं घड्याळ अडीच तास पुढं जाऊन बसतं.