ऑपरेशनने शुगर जाते का?

प्रश्न: वय ४६, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ३६, सहा वर्षं डायबेटिस, गोळ्या चालू आहेत. डॉक्टर वजन कमी करायच्या सर्जरीबद्दल बोलले. शुगर कायमची जाईल का?

उत्तर: कायमची जाईल असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण फायदा खरंच मोठा होऊ शकतो, आणि गंमत म्हणजे गॅस्ट्रिक बायपासनंतर (हृदयाचं नव्हे, जठर लहान करून अन्न थेट आतड्यात पुढे वळवायचं ऑपरेशन) वजन फारसं उतरायच्या आधीच, काही दिवसांतच शुगर खाली यायला लागते, कारण अन्नाचा रस्ता बदलला की आतड्यातली जीएलपी-१ सारखी हार्मोन्स वाढतात आणि इन्सुलिन नीट सुटतं. डायबेटिस जितका नवा तितका चान्स जास्त, तुम्ही इन्सुलिनवर नाही हेही चांगलंच. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइन्सप्रमाणे बीएमआय ३५ च्या वर सर्जरी सुचवतात, म्हणजे तुम्ही त्यात बसता.

काही जणांची शुगर काही वर्षांनी परत वाढते, त्यामुळे एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी) तपासणं सोडायचं नाही. बी१२, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात, लोक नेमकं हेच विसरतात आणि मग अशक्तपणा, मुंग्या सुरू होतात. ऑपरेशनआधी डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. आणि डायबेटिसच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका प्लीज, डोस डॉक्टरच कमी करतील.